दुकानदाराचे मासिक : ‘फार्मास्युटिकल जर्नल’ची जडणघडण

आपल्या संघटनेच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून झाला की एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. या त्रैमासिकावर एवढा खर्च कशासाठी? कागद, छपाई, टपाल यांचे आकडे समोर असतात. वर्गणी थकलेल्या सभासदांची यादीही असते. मग कोणी सुचवतो की अंक सहामाही करावा, तर कोणी म्हणतो की एखाद्या मोठ्या औषधनिर्मात्याने तो चालवायला घ्यावा आणि आपण नावापुरते राहावे. दोन्ही सूचना सद्भावनेनेच येतात. त्यांवर मत देण्यापूर्वी अशाच एका मुखपत्राचा इतिहास व्यवसायबंधूंसमोर मांडावा, या हेतूने प्रस्तुत लेख लिहीत आहोत. हे मुखपत्र आपल्या शास्त्राचे नाही, आपल्या देशातीलही नाही. ते लंडनच्या औषधविक्रेत्यांचे आहे. परंतु ते ज्या अडचणींतून गेले त्या आपल्या ओळखीच्या आहेत, आणि पुढे त्याचा एक धागा मुंबईच्या औषधी बाजारापर्यंत येऊन पोहोचतो.

संकटातून संघटना

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये औषध देणाऱ्यांचे तीन-चार वर्ग होते. फिजिशियन आणि सर्जन यांच्या खालोखाल अपोथेकरी. त्यांना १८१५ च्या कायद्याने परीक्षा आणि परवाना मिळाला होता. सर्वांत खाली ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ म्हणविणारे दुकानदार. त्यांना परीक्षा नव्हती, नोंदणी नव्हती, आणि म्हणून कोणाची आडकाठीही नव्हती. गरीब माणूस डॉक्टरची फी देऊ शकत नसे. तो या दुकानात येऊन पोटदुखीवर काहीतरी मागे आणि दुकानदार देई. १८४१ च्या आरंभी बेंजामिन हॉज नावाच्या सदस्याने पार्लमेंटमध्ये एक विधेयक आणले. त्यानुसार दुकानदाराने किरकोळ दुखण्यावर औषध सुचवणे हीदेखील वैद्यकी ठरणार होती. हजारो दुकानांचा व्यवसाय एका फटक्यात बेकायदा होण्याची वेळ आली.

तोवर हे दुकानदार एकमेकांशी स्पर्धा करण्यापलीकडे कायमचे असे एकत्र आले नव्हते. संकट आले की सभा भरते, संकट टळले की खुर्च्या उचलल्या जातात, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही. हॉजचे विधेयक बारगळले आणि तेथेही तसेच झाले असते. तसे झाले नाही, याचे मोठे श्रेय जेकब बेल या एकतीस वर्षांच्या दुकानदाराकडे जाते. त्याच्या वडिलांनी १७९८ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर औषधांचे दुकान थाटले होते. जेकब त्याच दुकानात शिकला आणि पुढे त्याचा मालक झाला. त्याने काही प्रमुख व्यावसायिकांना आपल्या घरी चहाला बोलावले आणि कायमस्वरूपी संघटनेची कल्पना मांडली. १५ एप्रिल १८४१ रोजी स्ट्रँडवरील ‘क्राउन अँड अँकर’ या खाणावळीत ‘फार्मास्युटिकल सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन’ची स्थापना झाली. विल्यम अ‍ॅलन हा व्यासंगी, वयोवृद्ध गृहस्थ तिचा पहिला अध्यक्ष. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मासिकाचा प्रारंभ झाला. खंडांवर त्याचे नाव ‘फार्मास्युटिकल जर्नल अँड ट्रान्झॅक्शन्स’ असे आढळते.

येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. संघटनेची शाळा निघाली १८४२ मध्ये, राजसनद मिळाली १८४३ मध्ये. मासिक मात्र त्या दोहोंच्या आधी, संघटना जेमतेम तीन महिन्यांची असताना निघाले. इमारतीसाठी निधी जमवावा, मग वाचनालय, मग कधीतरी पत्रिका, असा आपला नेहमीचा विचार असतो. बेलचा विचार नेमका उलटा होता. एडिंबरो, मँचेस्टर, ब्रिस्टल अशा गावी बसलेल्या दुकानदाराला लंडनमधील इमारतीचा उपयोग काय? त्याच्या हाती महिन्याच्या महिन्याला पडणार होते ते हे मासिकच.

मालकी कोणाची?

मासिक संघटनेचे मानले जाई, पण मालकी संघटनेची नव्हती. ते बेलच्या मालकीचे होते. संपादकही तोच. पैसा त्याचा, जोखीम त्याची. ही व्यवस्था तब्बल अठरा वर्षे चालली.

आजच्या दृष्टीने हे अनिष्ट वाटते आणि ते तसे आहेही. एका संपन्न दुकानदाराच्या हाती संपूर्ण व्यवसायाचे मुखपत्र असणे म्हणजे त्याच्या मर्जीवर सर्वांनी अवलंबून राहणे. तथापि आमच्या मते तिला दुसरी बाजूही होती. नवजात संघटनेची तिजोरी मासिकाच्या तोट्यातून सुटली. शिवाय कार्यकारिणीला जे बोलता येत नाही ते संपादक स्वतःच्या नावावर लिहू शकत होता. मजकुराबद्दल कोणी तक्रार केली तर ‘ते बेलचे मत’ म्हणायला जागा होती. कोणत्याही समितीने संपादित केलेल्या अंकात सर्वांना मान्य असलेले तेवढेच छापले जाते, आणि सर्वांना मान्य असलेले सहसा वाचण्यासारखे नसते. (आम्हीही काही काळ अशा समितीवर होतो, म्हणून हे धिटाईने लिहितो.)

बेल संत नव्हता, हेही सांगितले पाहिजे. औषधव्यवसायासाठी कायदा व्हावा म्हणून तो १८५० च्या अखेरीस सेंट ऑल्बन्स येथून पार्लमेंटवर निवडून आला. त्या निवडणुकीत मते विकत घेतल्याचे चौकशीत उघड झाले आणि १८५२ मध्ये त्या मतदारसंघाचा प्रतिनिधी पाठवण्याचा अधिकारच काढून घेण्यात आला. व्यवसायाची शुद्धी करायला निघालेल्या माणसाने लाच देऊन सभागृहात जावे, हा विरोधाभास त्याच्या चाहत्यांनाही लपवता आलेला नाही. त्याच काळात त्याने मांडलेले विधेयक मंजूर झाले खरे, परंतु ते इतके छाटले गेले की केवळ ‘फार्मास्युटिकल केमिस्ट’ ही पदवी तेवढी संरक्षित झाली. ती पदवी न लावता कोणीही औषधांचे, अगदी विषांचेही दुकान पूर्वीप्रमाणे चालवू शकत होता.

अंकात काय असे

मासिकाचा कणा म्हणजे सोसायटीच्या सायंसभांचे वृत्तान्त. सभेत एखादा सभासद निबंध वाची, इतर प्रश्न विचारीत, आणि ती सर्व चर्चा छापली जाई. अमुक अर्क गढूळ का होतो, अमुक मलम उन्हाळ्यात का सुटते, बाजारात आलेला नवा माल अस्सल की भेसळीचा, असे ते विषय. भव्य काही नाही. पण गावोगावच्या दुकानदाराला प्रथमच कळले की आपल्याला छळणारी अडचण दुसऱ्यालाही छळते आणि कोणी तरी ती सोडवलीही आहे.

बातमी किती वेगाने पोहोचे याचे एक उदाहरण पाहा. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरने भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. २१ डिसेंबरला लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन याने ईथरखाली पाय कापला. त्या वेळी वापरलेले हुंगवण्याचे उपकरण पीटर स्क्वायर या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील औषधविक्रेत्याने जुळवले होते. लगेच जानेवारी १८४७ मध्ये त्या उपकरणाची माहिती जर्नलमध्ये आली. स्क्वायरने ती आपल्या दुकानाची गुपित मत्ता म्हणून कपाटात ठेवली असती तर त्याला कोणी दोष दिला नसता. ‘आमच्या घराण्याचा योग’ म्हणून आपण काय काय कपाटात ठेवले आहे, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

ब्रॅडफर्डची मिठाई

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड येथे बाजारात विकल्या गेलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन सुमारे वीस माणसे दगावली. दोनशेहून अधिक आजारी पडली. चौकशीत निघाले ते असे : साखर वाचवण्यासाठी मिठाईवाले तिच्यात एक निरुपद्रवी पांढरी भुकटी मिसळीत. ती आणण्यासाठी माणूस औषधाच्या दुकानात गेला. दुकानदार आजारी होता. त्याच्या मदतनिसाने चुकीच्या पिंपातून बारा पौंड पांढरी भुकटी मोजून दिली. ती भुकटी म्हणजे सोमल होते.

खटला उभा राहिला, पण कोणालाही शिक्षा झाली नाही. सोमलाच्या विक्रीविषयीचा कायदा १८५१ पासून अस्तित्वात होता. परंतु विकणाऱ्याला काही येते की नाही हे तो विचारीत नव्हता. शिकलेल्या हातानेच विष विकले जावे, हे बेलचे म्हणणे होते. त्याला कायद्याचे रूप येण्यास आणखी दहा वर्षे लागली. १८६८ च्या कायद्याने विषांची यादी ठरली आणि ती विकणाऱ्या दुकानदाराला परीक्षा व नोंदणी अनिवार्य झाली. तोवर बेल हयात नव्हता. १२ जून १८५९ रोजी, पन्नाशीही न गाठता, तो वारला. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस त्याने जर्नल सोसायटीच्या स्वाधीन केले. आपली चित्रे त्याने राष्ट्राला दिली, त्यांत फ्रिथचे ‘डर्बी डे’ हे प्रसिद्ध चित्र होते. आमच्या मते मोठी देणगी मासिकाची.

जाहिरातीचे पान

त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनमध्ये ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ हे दुसरे पत्र निघाले. ते मॉर्गन बंधूंचे. त्याच वर्षी त्यांनी लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्यांसाठीही एक पत्र काढले होते, यावरून त्यांची दृष्टी ध्यानात येते. व्यापाऱ्याला भाव हवेत, मालाच्या बातम्या हव्यात, जाहिराती हव्यात. ते सर्व त्यांनी दिले. ते पत्र उत्तम चालले. यात कमीपणा काही नाही. किंबहुना संघटनेच्या पत्राला प्रतिस्पर्धी मिळाला हे बरेच झाले. १८७० पासून जर्नल साप्ताहिक झाले, त्यामागे ही स्पर्धाही असावी असा आमचा तर्क आहे.

मात्र जाहिरातीवर जगणाऱ्या व्यवसायाचे हात कोठे बांधले जातात, हे पुढील एका प्रसंगात दिसते. पेटंट औषधांचा सुळसुळाट तेव्हा इंग्लंडभर होता आणि त्यांची विक्री औषधाच्या दुकानांतूनही होई. त्यांचे पृथक्करण करून घटक व किंमत छापण्याचे काम औषधविक्रेत्यांच्या नव्हे, तर डॉक्टरांच्या संघटनेच्या पत्राने, म्हणजे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने केले. ते लेख १९०९ मध्ये ‘सीक्रेट रेमेडीज’ या पुस्तकात एकत्र झाले. सर्वांत गाजलेल्या बीचमच्या गोळ्यांत काय निघाले? काळाबोळ, सुंठ आणि साबण. छप्पन्न गोळ्यांच्या डबीतील द्रव्यांची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा आठवा भाग. डबीची विक्री एक शिलिंग दीड पेनीला. पुस्तकाची जाहिरात घेण्यास अनेक वृत्तपत्रांनी नकार दिला, कारण त्यांचे उत्पन्न या गोळ्यांवर होते.

काळाबोळ आणि सुंठ यांची आपल्याला लाज वाटण्याचे कारण नाही. ती आपलीच द्रव्ये. प्रश्न डबीवर ती लिहिण्याचा होता. आपल्याकडे लेबलवर घटकद्रव्ये छापणे आता बंधनकारक आहे, आणि १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदाही आहे. तरीही ज्या पानावर लेख त्याच्याच पाठपोट पानावर कशाची जाहिरात छापावी, हे कायदा ठरवीत नाही, संपादक ठरवतो. म्हणून मुखपत्र औषधनिर्मात्याकडे सोपवण्याच्या सूचनेला आमचा विरोध आहे. औषधनिर्माते सभासदांविषयी आकस म्हणून नव्हे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या जाहिरातींवरच हा अंक उभा आहे, आणि तो तसा राहण्यास हरकत नाही. जाहिरात देणाऱ्याने मजकूरही ठरवू नये, एवढेच म्हणणे आहे.

दक्षिणेतील एक उदाहरण

दुकानदारानेच मासिक काढावे हा प्रकार वैद्यकुळातही घडला आहे. केरळातील कोट्टक्कल येथे पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये आर्य वैद्य शाला सुरू केली. त्याच सुमारास वैद्यांची संघटना, १९०३ मध्ये ‘धन्वंतरी’ हे मल्याळम नियतकालिक आणि १९१७ मध्ये कालिकत येथे पाठशाळा, असा त्यांचा क्रम. औषधी तयार करून विकण्याचा व्यवसाय, त्याच्या उत्पन्नावर पत्रिका, आणि पत्रिकेच्या प्रभावातून विद्यालय. लंडनच्या क्रमाशी हे साम्य विलक्षण आहे. ‘धन्वंतरी’ तेवीस वर्षे चालून १९२६ च्या सुमारास थांबले.

शिलारस आणि नागकेशर

आता पुन्हा थोडे मागे, जर्नलच्या मूळ कामाकडे वळू. आमच्या दृष्टीने त्याची सर्वांत टिकाऊ कामगिरी कायद्याची नाही. ती द्रव्यांच्या ओळखीची आहे. डॅनिएल हॅनबरी हा लंडनमधील एका जुन्या औषधी पेढीचा भागीदार. शिलारस नेमका कोणत्या वृक्षाचा, याबद्दल युरोपात शतकानुशतके घोळ होता. स्टायरॅक्स नावाच्या झाडाचा तो निर्यास मानला जाई. हॅनबरीने तुर्कस्तानातील परिचितांशी पत्रव्यवहार केला, नमुने मागवले, आणि १८५७ मध्ये जर्नलमधून दाखवून दिले की बाजारातील पातळ शिलारस लिक्विडांबर ओरिएंटॅलिस या वृक्षाच्या सालीपासून निघतो. दुकान सांभाळून केलेले हे काम आहे. १८७४ मध्ये फ्लुकिगर याच्यासह त्याने ‘फार्माकोग्राफिया’ हा ग्रंथ सिद्ध केला, त्याचा पाया अशाच टिपणांचा.

त्याच जर्नलमध्ये १८७० च्या दशकात मुंबईहून विल्यम डायमॉक हिंदी औषधींवरील टिपणे पाठवीत असे. तो मुंबईतील सरकारी औषधभांडारावर अधिकारी होता. पुढे त्याने पश्चिम भारतातील वनौषधींवर ग्रंथ लिहिला आणि वॉर्डन व हूपर यांच्या सहकार्याने ‘फार्माकोग्राफिया इंडिका’चे तीन खंड काढले, १८९३ पर्यंत ते पूर्ण झाले. त्याच काळात, १८७९ मध्ये, मुंबईचे डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईतील औषधींची सूची प्रसिद्ध केली. या ग्रंथांत आपली मराठी नावे आहेत आणि मुंबईच्या बाजारात कोणत्या नावाखाली काय विकले जाते याची नोंद आहे. सुरंगीच्या कळ्या ‘तांबडे नागकेशर’ म्हणून विकल्या जातात आणि रेशीम रंगवण्यास वापरतात, हे डायमॉकने लिहून ठेवले आहे. शास्त्रोक्त नागकेशर म्हणजे मेसुआ फेरिया या वृक्षाचे पुंकेसर. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापलेली ही गोष्ट आजही बाजारात तशीच चालू आहे, आणि त्यात ‘काळे नागकेशर’ या नावाने दालचिनीच्या जातीतील कच्च्या फळांची भर पडलेली आहे.

हे लिहिताना एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका व्यापाऱ्याकडून नागकेशर मागवले. पोते उघडले तर आत पुंकेसर नव्हते. मिरीएवढी काळी फळे होती, चुरडल्यावर दालचिनीचा वास येत होता. आम्ही माल परत केला, पैसे मिळाले आणि विषय संपवला. पाच-सहा महिन्यांनी संघटनेच्या सभेनंतर चहा घेताना कळले की दुसऱ्या एका वैद्यांनीही तोच माल परत केला होता. तिसऱ्या वैद्यांनी तो ओळखला नव्हता. त्यांनी रक्तार्शाच्या एका वृद्ध रुग्णाला लोणी-खडीसाखरेबरोबर महिनाभर तो दिला. रक्त थांबले नाही. रुग्ण अशक्त झाला, मुलांनी त्याला दुसरीकडे नेले, आणि ‘आयुर्वेदाने काही होत नाही’ हे त्या गावात कायमचे ठरून गेले. तिसरे वैद्य आमच्याकडे पाहत होते. त्यांनी शब्द उच्चारला नाही. आम्ही माल परत केला त्या आठवड्यात या त्रैमासिकाचा अंक छापखान्यात होता. चार ओळींची टीप त्यात सहज बसली असती. ती आम्ही का लिहिली नाही? व्यापाऱ्याशी संबंध बिघडू नयेत, आपण फसलो हे चारचौघांत दिसू नये, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्या कोणी तो माल घेतला असेल हा विचारच मनात आला नाही.

ती टीप आता लिहून संपादकांकडे दिली आहे. नागकेशर या नावाने मिळणाऱ्या तिन्ही द्रव्यांचे वर्णन, वास, चुरडल्यावर दिसणारा रंग आणि आमची फसगत असे तिचे स्वरूप आहे. व्यापाऱ्याचे नाव नाही, आमचे आहे. ज्या व्यवसायबंधूंच्या कोठारात नागकेशर असेल त्यांनी त्यातील मूठभर, खरेदीची तारीख चिठ्ठीवर लिहून, संघटनेच्या कार्यालयात पाठवावे. पुढील सभेत सर्व नमुने टेबलावर मांडून पाहता येतील.